थोरलीचा मान

जावाजावांची चढाओढ तुम्ही स्वयंपाकघरात पाहिली असेल, मी सायनसच्या तपासणीत पाहिली. चंदीगडहून शिकून काष्टी गावात नाक-कान-घशाचा दवाखाना टाकला, तेव्हा मी ठरवलंच होतं की पेशंटला बोलू द्यायचं. प्रत्येक त्रासाला शून्य ते पाच गुण त्यानेच द्यायचे.

परवा दोघी जावा एकदमच आल्या. जिचं दुखणं मोठं निघेल तिला कांदाचाळीतल्या धुळीच्या कामातून सुट्टी, असं सासूने सांगून पाठवलेलं.

"नाक किती चोंदतं?" मी विचारलं.

"तीन," थोरली म्हणाली.

"मला चार," धाकटी म्हणाली.

"मग माझं पाच करा. मला लई तरास हाय."

"बगा! दुखन्यातबी हिलाच जास्त पायजे."

मग वास, झोप, डोकेदुखी, सगळीकडे दोघींचे पाचच. मी कळवळून म्हणालो, "अहो, एवढा त्रास असेल तर दुर्बिणीने तपासावं लागेल, स्कॅन करावा लागेल. कदाचित नाकाचं ऑपरेशनसुद्धा."

मग धाकटीने डोक्यावरचा पदर सावरला.

"आदी आक्कांचं करा, डाक्टर. आमच्यात पयला मान थोरलीचा असतो."