पूजेत मांडलेलं खुरपं

मी धारची, जन्म इथला, शाळा इथली, ती पण हिंदी मीडियम, त्यामुळे माझं मराठी हे असं अर्धं हिंदी, त्यात थोडं माळवी. तुम्ही महाराष्ट्रातले लोक ऐकून हसता, हसा, मला काही वाटत नाही. वाचायला बसले तर एका पानाला मला चहा होऊन थंड होईपर्यंत वेळ लागतो, म्हणून म्हटलं तुम्हीच लिहा, मी बोलते. पण घरात मात्र आमच्याकडे सगळं जुनं, आईला आईसाहेब, वडिलांना आबासाहेब, आणि दोघांना अहोजाहो. माझी मैत्रीण एकदा घरी आली तर बाहेर जाऊन म्हणते, यार राजश्री, तुम लोग घर में नाटक करते हो क्या. नाटक नाही हो, तसंच आहे आमच्याकडे.

तर आमचे पणजोबा दरबारच्या पागेवर होते. पागा म्हणजे घोड्यांची. आता घोडे गेले, दरबार गेला, आबासाहेब सिंचाई विभागात बाबू होते ते पण रिटायर झाले, घर आमचं बस स्टँडच्या मागे दोन खोल्यांचं, पण अजून कोणी विचारलं की आबासाहेब पाठ सरळ करून सांगतात, आम्ही पागेवाले. मी लहानपणी एकदा बोलले होते की मग घोड्यांची लीद पण आपणच काढत असू ना, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. माणूस वाईट नाही, बिलकुल नाही, आयुष्यात कोणाचं एक काम अडवलं नाही त्यांनी. पण मान म्हणजे मान. एक तलवार आहे घरात, म्यानातून निघत नाही, गंजून बसलीय, तरी खंडेनवमीला बाहेर येते, तिला तेल, कुंकू, झेंडूचा हार. तुमच्याकडे पण असते ना खंडेनवमी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे कडक पाळतात, घरातली सगळी धारेची वस्तू पूजेत जाते, आईसाहेबांची विळीसुद्धा, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याला सीमोल्लंघन होईपर्यंत उचलायची नाही. म्हणून भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची.

आता माझं कसं झालं सांगते. मला कॉलेज झेपलं नाही, सरळ सांगते, केमिस्ट्रीत नापास झाले. मग आयटीआयला गेले कम्प्युटरसाठी, तिथे जागा भरलेल्या, बागकामाच्या ट्रेडला मात्र रिकाम्या, बाबू म्हणाला मॅडम घर बैठने से अच्छा है, म्हटलं चला. घरी सांगितलं आयटीआय, त्यांनी विचारलं नाही कशाचं, मी सांगितलं नाही. आणि काय सांगू तुम्हाला, मला ते आवडायला लागलं. मातीत हात घातला की डोकं शांत होतं माझं, आणि माझं डोकं तसं शांत राहणारं नाही, आईसाहेबांना विचारा.

कोर्स संपला आणि पीथमपुरला एका दवाईच्या कंपनीत अप्रेंटिस लागले, एका वर्षाची, बगीच्यात. आबासाहेबांनी ऐकलं दवाईची कंपनी, बस, त्यांनी सगळ्या नातेवाइकांत सांगून टाकलं की राजश्री प्रयोगशाळेत लागली. मी तोंड उघडणार होते तर आईसाहेबांनी स्वयंपाकघरातून डोळ्यांनी खूण केली, राहू दे म्हणून. राहू दिलं. पहाटेची शिफ्टची बस पकडायची, डबा, ओढणी तोंडाला बांधायची, गेटवर फोन जमा करायचा, आत मोबाईल चालत नाही तिथे, आणि मग दिवसभर ऊन.

शिकवायला नानूदा होते, हेड माळी, उदयनगरकडच्या जंगलातले, धिप्पाड माणूस, कानात बाळी, आणि रागीट असे की सुपरवायझर पण त्यांना जरा लांबूनच बोलायचा. पहिल्या दिवशी मला गवत कापायची मशीन दिली तर मी अशी पळत सुटले तिच्यामागे की लॉनवर नागमोडी पट्टे, डोक्याला खरूज झाल्यासारखं दिसत होतं. नानूदा म्हणाले, धीरे चाल बई, घास कंई भागी नी री हे, म्हणजे गवत काही पळून चाललं नाही. सगळे हसले, मी पण हसले, मग झाडामागे जाऊन थोडं रडले. पण शिकवायचे मनापासून. पाणी कधी तोडायचं, म्हणजे बंद करायचं, मेंदीची कुंपणं दोरी लावून कशी सरळ ठेवायची, गुलाबाची छाटणी कशी. गुलाबाचं असं आहे की पाऊस संपला की नवरात्राच्या आसपास छाटायचा, म्हणजे थंडीत भरून फुलतो. बाहेरच्या बाजूला बघणारा डोळा शोधायचा, म्हणजे ते बारीक कोंब फुटायची जागा असते ना ती, आणि त्याच्या जरासं वर तिरपा काप, एका दाबात. कात्री बोथट असली तर फांदी चेचते आणि मग वरून खाली काळी पडत जाते. त्या छाटणीच्या कात्रीला आम्ही सिकेटर म्हणतो. मला एक सिकेटर, एक चाकू आणि एक खुरपं मिळालं होतं, स्वतःचं. पिशवी करून घेतली होती त्याला मी, जुन्या जीन्सची.

तर लागल्या लागल्या थोड्याच दिवसांत खंडेनवमी आली. मी म्हटलं आता माझी पण हत्यारं आहेत, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून पाटावर तलवारीशेजारी माझं खुरपं आणि सिकेटर ठेवलं, हळदकुंकू लावून. आबासाहेब आंघोळ करून आले, बघितलं. विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, माझं काम आहे, आबासाहेब, मी बगीच्यात आहे कंपनीच्या. खाली वाकून दोन्ही उचललं, बाल्कनीत नेऊन ठेवलं आणि म्हणाले, ही हत्यारं नाहीत, बेटा, ही औजारं आहेत. बस, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी पण ओरडले असते, आम्ही दोघं त्या बाबतीत सारखे. पण इतकं हळू बोलले ना, ते लागलं. आईसाहेबांनी नंतर बाल्कनीत जाऊन त्या पिशवीवर एक झेंडूचं फूल ठेवलं, त्यांना वाटलं मी पाहिलं नाही.

त्यानंतर घरात माझ्या कामाचा विषय बंद. आज काय झालं, कोणी विचारायचं नाही, मी सांगायचं नाही. बाहेर मात्र प्रयोगशाळा चालूच. मग एकदा आमचे मामासाहेब इंदूरहून गाडीने येत होते, तर मी समोरच्या लॉनवर मशीन ढकलत होते रस्त्याच्या कडेला, त्यांनी ओळखलं, आणि घरी येऊन चहा पिता पिता म्हणतात, काय हो, तुमच्या प्रयोगशाळेत आजकाल गवत उगवतं का.  मामासाहेब गेल्यावर आबासाहेब मला म्हणाले, रस्त्याच्या बाजूला नाही काम केलं तर चालणार नाही का. मी दुसऱ्या दिवशी नानूदांना सांगून मागच्या बाजूला, जिथे गंदं पाणी साफ करतात तिथली क्यारी, म्हणजे वाफे, मागून घेतली. वास यायचा तिथे. पण मागितली. का मागितली असं विचाराल तर मला पण राग येतो, पण बाप आहे ना तो, त्याला चार लोकांत खाली बघायला लागू नये असंच वाटतं. आणि मनात एकच होतं, की एकदा, फक्त एकदा, त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हणावं की माझी मुलगी हे काम करते. माझं तेवढंच मागणं होतं.

वर्ष निघून गेलं. शेवटी परीक्षा असते, बाहेरून साहेब येतात, पास झालं तर कंपनी पुढे ठेवून घेणार होती, नाही तर घरी. आणि तारीख कोणती आली, तर नवमी. काय करणार, साहेबांना दुसरा दिवस नव्हता. मी आईसाहेबांना सांगितलं, आबासाहेबांना सांगायचा प्रश्नच नव्हता. आदल्या दिवशी सिकेटरला धार लावली, तेल दिलं, पिशवी दाराजवळ ठेवली.

सकाळी आंघोळ करून बाहेर आले आणि बघते तर पाट मांडलेला, तलवार, आईसाहेबांची विळी, आणि तलवारीच्या अगदी शेजारी माझं सिकेटर, माझा चाकू, माझं खुरपं. घासून चकचकीत केलेलं, खुरप्याच्या मुठीला पूजेचा लाल नाडा बांधलेला, वर कुंकू. आबासाहेब हार घालून राहिले होते. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, नमस्कार कर. मी वाकले. आता तुम्हीच सांगा, मी काय बोलायचं होतं. ज्याच्यासाठी वर्षभर आतल्या आत जळले ते समोर मांडलेलं, आणि तेच मला परीक्षेला पाहिजे, आणि पूजेतलं उचलायचं नाही, दसऱ्यापर्यंत नाही. आईसाहेब आत पुरणाला बसलेल्या, त्यांना पत्ता नाही. मी म्हटलं, येते, आबासाहेब. आणि रिकाम्या हाताने बस पकडली. मूर्ख म्हणा, पण मला नाही उचलता आलं.

नानूदांनी शिव्या दिल्या, मग आपलं जुनं सिकेटर दिलं, त्याची स्प्रिंग ढिली, आणि त्यांचा हात एवढा मोठा की माझ्या पंजात ते मावेना. सकाळी तोंडी परीक्षा झाली, ती बरी गेली. गुलाबाची छाटणी जेवणानंतर होती, मी जरा एका झाडावर करून बघितलं तर फांदी चेचली. एकदा परत बघितलं, परत चेचली. डबा उघडला नाही मी.

तेवढ्यात गेटवरचा गार्ड, यादव भिया, सायकल मारत आले, दीदी चलो, तुम्हारे पिताजी आए हैं. मला वाटलं आईसाहेबांना काही झालं, मी पळत गेले. तर आबासाहेब उभे, पूजेचंच पांढरं धोतर, कपाळाला गंध, उन्हात, गार्डने खुर्ची दिली होती तरी उभेच, आणि हातात तलवार ज्यात गुंडाळून ठेवतात ते मखमलीचं कापड, त्यात माझी हत्यारं गुंडाळलेली. झालं असं की सकाळी मी घरून निघाल्यावर आईसाहेब बाहेर आल्या, पाट बघितला आणि आबासाहेबांना परीक्षेचं सगळं सांगितलं, आणि फोन तर माझा गेटवर जमा. म्हणून हा माणूस, ज्याने कधी एकादशी मोडली नाही, नवमीला पूजेतली हत्यारं उचलून बसमध्ये बसला.  मी म्हटलं, आबासाहेब, उचललं तुम्ही. ते म्हणाले, कुंकू पुसू नकोस, तसंच काप. आणि म्हणाले, धार चांगली लावलीस. बस, वळले आणि परतीच्या बसला गेले, आत आले नाहीत, मी आग्रह पण केला नाही.

कापलं मी. तसंच, कुंकवासकट. एकेक काप असा की नानूदा मागे उभे राहून खोकत होते, ते खुश असले की खोकतात. पास झाले, कंपनीने ठेवून घेतलं.

पण खरी गोष्ट मला यादव भियांनी नंतर सांगितली. त्यांनी विचारलं होतं, किससे मिलना है, तर आबासाहेब म्हणाले, राजश्री, प्रयोगशाला में. यादव भियांनी आत फोन लावला, तिकडून उत्तर आलं की लॅबमध्ये अशी कोणी नाही. गेटवर मागे ट्रक उभे, ड्रायव्हर हॉर्न देताहेत, साहेब लोकांच्या गाड्या. यादव भिया म्हणाले, बाबूजी, यहाँ ऐसी कोई लड़की नहीं है. तर म्हणे आबासाहेब सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, है कैसे नहीं, बगीचे में मालन का काम करती है, मैं उसका बाप हूँ.

हे वाक्य माझ्यासमोर ते कधी बोलले नाहीत. लग्नाकार्यात अजून पण कोणी विचारलं तर कंपनीत आहे म्हणतात, प्रयोगशाळा मात्र आता म्हणत नाहीत. माणूस एका दिवसात केवढा बदलणार, आणि मी तरी कुठे बदलले, अजून भांडतोच आम्ही. चालायचंच. आता समोरचं लॉन माझ्याकडे आहे, रस्त्याच्या बाजूचं. नवीन अप्रेंटिस येतात, मुली पण येतात आता, तोंडाला ओढणी बांधून. मी खुरपं हातात द्यायच्या आधी विचारते, घरी काय सांगून आलीस. कोणी म्हणते ऑफिस, कोणी म्हणते पॅकिंग. मी म्हणते, सांगून टाक गं बाई, चार दिवस तोंड फुगवतील, फुगवू दे. पण आपलं माणूस कधी गेटवर आलं, तर त्याला कळायला पाहिजे ना, कोणाला हाक मारायची ते. देव सगळ्यांचं भलं करो.