कौसाबाईची रिकामी कळशी

मंडळी, ऐका! खरं बोललं तर पिढ्यांचा मान जातो, गप्प बसलं तर कुणाला कळतही नाही – अशा वेळी माणसानं काय करावं? माना हलवू नका, आधी ऐका!

वडजाई गावची कौसाबाई थिटे. भैरवनाथाच्या जत्रेत खिरीचं पहिलं दूध थिट्यांच्या गाईचं! आणि रीत अशी कडक – एक साल चुकलं की मान कायमचा दुसऱ्या घरी. बाई काय तोऱ्यात कळशी डोक्यावर घ्यायची! का घेऊ नये? तुम्ही तर लग्नात टोपी मिळाली नाही म्हणून भरल्या ताटावरून उठता!

यंदा ऐन जत्रेच्या तोंडावर गाईची कास सुजली. गुरांच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकची सुई टोचली. बजावलं, "मी सांगेपर्यंत हे दूध कुणाच्या पोटात जाऊ देऊ नका." जत्रा उजाडली – डॉक्टरांचा होकार नाही!

धाकटा दीर म्हणतो, "वहिनी, दूध कसं पांढरंशुभ्र आहे! उकळलं की झालं. कुणाला कळतंय?"

सासूनं मरताना हातात हात घेऊन सोपवलेला मान! पण कौसाबाई बोलली, "भावजी, उकळून औषध जात नाही. ते थोडं थोडं पोटात गेलं की तिथले जंतू सरावतात, मग औषधाला भीतच नाहीत. गेल्या साली आपली शेवंता शिळं खाऊन हगवणीनं आडवी झाली. एक औषध लागू पडेना, दुसरं पडेना. डॉक्टर म्हणाले, जंतू निर्ढावलेत! तुमचीच बायको ना? दवाखान्याच्या पायरीवर कोण रडत होतं?"



बाई रिकामी कळशी घेऊन देवळात गेली. सगळ्यांदेखत म्हणाली, "गाईला सुई झालीय. आमचं दूध नको. मान दुसऱ्याला द्या." डोळे भरले, पण उभी ताठ!

मान गेला चांगुणा पवारणीकडं. ती उठली... आणि थबकली. "थांबा! माझ्या म्हशीलाही परवा सुई झालीय. माझंही नको!" मागून तिसरा उठला, "आमचंही!" वा रे गाव! देवाच्या दारात एकानंही खोटं दूध ओतलं नाही! मग खीर? देवापुढच्या नारळांचं दूध काढलं, त्यात शिजवली. छाती फुगते हो असं गाव सांगताना!

आता तुमचं बघू. उद्या डेअरीत कॅन घेऊन उभे राहाल. जनावराला सुई झाली असेल, तर तोंड उघडाल? मग टाळ थांबवा आणि माझ्यामागं मोठ्यानं बोला – "आमचं दूध आज नको!"

...आवाज का बसला, मंडळी?