हजार रुपयांचा पूल

गेणबा : सही करणार न्हाई म्हंजी न्हाई. उचल तो कागद. सरकारनं थट्टा मांडलीय माझी.

सुषमा : थट्टा कसली, मामा? पुलाच्या रस्त्याला पाच गुंठे देतो असं तुम्हीच कबूल केलंत. म्हणून तर संमतीपत्र घेऊन मी न्हावऱ्याला आले.

गेणबा : भाची म्हणून आलीस का बांधकाम खात्याची कारकून म्हणून? चांदभाई, मोबाइलवर आलंय ते वाच हिला.

चांदभाई : ‘वस्तीजवळील ओढ्यावर पूल बांधणे, रुपये एक हजार.’ एकच हजार, ताई. म्या तीनदा शून्यं मोजली.

गेणबा : हजारात कोकरू येत न्हाई, आन् ह्यांचा पूल येतोय!

सुषमा : अहो, ती पुरवणी मागणी आहे.

चांदभाई : पुरवणी तर परीक्षेला पोरं मागत्यात.

सुषमा : सरकारचाही पेपर पुरत नाही, भाई. मार्चच्या बजेटात हा पूल नव्हता. मग वर्षाच्या मधेच विधानसभेपुढं त्याचं नाव नेलं. हजार नुसते नावापुरते. मंजुरी मिळाली की बाकीचा पैसा खात्यानं आपल्याच अडलेल्या कामांतून इकडं वळवायचा.

गेणबा : नावापुरतं म्हंजी तोंडाला पानं पुसायची.

सुषमा : तसं नाही, मामा. मेंढरांचा सौदा ठरला की तुम्ही हातावर काय घ्यायचात?

गेणबा : इसार.

सुषमा : किती?

गेणबा : असतील ते. शंभर मेंढरांचा सौदा अकरा रुपयांवर उभा ऱ्हायचा.

सुषमा : मग?

गेणबा : इसार व्हय ह्यो?

सुषमा : इसारच.

गेणबा : इसार घेतला की मेंढरू दुसऱ्याला दाखवायचं सुदिक न्हाई. सरकार पाळंल?

चांदभाई : बोला ताई. खरं बोला.

सुषमा : पाळेलच, असं माझ्यानं म्हणवत नाही. पैसा भलतीकडं वळला तर हजारच राहतात. पण आज जागेचा कागद गेला नाही, तर पहिली आपलीच फाइल बाजूला पडेल. साहेब चारला निघतात.

चांदभाई : मग कशाला देताय, आबा? जागा बी गेली आन् पूल बी न्हाई, असं व्हायचं.

गेणबा : भादव्यात म्हाळसाची खाट तूच धरली व्हतीस ना?

चांदभाई : पायाकडनं.

गेणबा : वढ्याला छातीएवढं पाणी. पल्याड अँब्युलन्स उभी.

चांदभाई : ते नका काढू, आबा.

गेणबा : आण पेन, सुषमा. इसार मोडायचा तर त्यांनी मोडावा. आपल्याकडनं नको.

सुषमा : इथं करा, मामा. सावकाश.

गेणबा : दुपार कलंपत्तोर तुझी मामी त्या गाडीकडं बघत व्हती. म्हणायची, ही काय समोरच हाय की वो, आता पोचलोच आपण.