मारेनची नेतृत्वाची पदवी

...आणि पदवी कसली, तर म्हणे 'जागतिक शैक्षणिक नेतृत्व'! अहो, जिनं आयुष्यात एका वर्गाला 'खाली बसा' म्हटलेलं नाही, ती जगाला कुठं नेणार होती? तुम्हाला सांगते, आमच्या मारेनला, म्हणजे माझ्या लेकीच्या लेकीला, एकच ध्यास... लिस्बनच्या एका शाळेत मास्तरीण व्हायचं. तिथं खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. त्या खिडकीचा फोटो तिनं फ्रीजवर चिकटवला, म्हणजे मी दूध काढायला गेले की आधी समुद्र, मग दूध. पण तिथं जायचं तर पुढची पदवी हवी, असं तिनंच ठरवलं, आणि कुठली घ्यावी ते काही कळेना.

आता हे त्या शाळेलाच विचारावं की नाही? पण आम्ही पडलो अमेरिकेतल्या मिनेसोटाचे! आमच्याकडं गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ फुटून पाण्यात पडलेला माणूससुद्धा काठावरच्याला म्हणेल, तुमची मासेमारी चालू द्या. मारेन म्हणाली, "आजी, त्यांना उगाच कशाला त्रास द्यायचा?"

मग विचारलं कुणाला, तर रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी ढोसायला जमतात त्या सगळ्यांना. पाळकांची बायको म्हणाली, धर्मशास्त्र घे, कुठंही चालतं. चालतं ना, मग नवऱ्याच्या प्रवचनाला पुढच्या चार रांगा रिकाम्या का? तेवढ्यात आमचा वेंडेल, मारेनचा मामा, ट्रॅक्टर विकतो, तो नाकातून बोलला, "मारेन, नेतृत्व घे. शिकवणारे पैशाला पासरी मिळतात." स्वतःच्या कुत्र्याला गाडीतून उतरवायला याला सॉसेज दाखवावं लागतं, आणि हा नेतृत्व सांगतोय! पण त्याला नाही कोण म्हणणार... उगाच कशाला त्रास द्यायचा.

दोन वर्षं, तुम्हाला सांगते, दोन वर्षं पोरगी स्वयंपाकघरात कॉम्प्युटरपुढं बसून 'दूरदृष्टी' या विषयावर पानंच्या पानं लिहीत होती, आणि हातभर अंतरावर ओव्हनमध्ये हॉटडिश, म्हणजे आमच्याकडचं बटाटा-खिम्याचं भाजलेलं जेवण, जळून कोळसा झालं ते काही तिला दिसलं नाही.

शेवटी अर्ज गेला. लिस्बनच्या मुख्याध्यापिका, तावारेसबाई, फोनवर आल्या, अगदी गोड बोलल्या. पदवी छान आहे हो, पण तुमच्या राज्याचा शिक्षकाचा परवाना कुठाय? दोन वर्षं वर्गात शिकवल्याचा दाखला? एवढं असतं, तर ही पदवी नसती तरी चाललं असतं.

मारेनच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाली, हे मला माहीत नव्हतं.

"मग आधी एक ओळ लिहून विचारायचं ना, बाई. रोज दहा जण विचारतात."

"तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून..."

'परवाना आला की पुन्हा लिहा' म्हणून बाईंनी फोन ठेवला.

आता परवान्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. गावातल्याच शाळेत तिसरीच्या वर्गावर सराव करते. थंडीनं तिची गाडी चालू होत नाही, म्हणून रोज सकाळी शाळेच्या माझ्याच बसमध्ये, माझ्यामागच्या बाकावर बसते. एकतीस वर्षं मी ही बस हाकते, त्याच बाकावर बसून कितीतरी मास्तरणींनी परवान्याच्या नावानं बोटं मोडलीत. परवा तेच सांगत होते, तर मारेनचा आवाज एकदम बदलला.

"आजी, म्हणजे तुला परवान्याचं माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

काय सांगू? मी आठवीत शाळा सोडलेली, आणि मीही इथलीच ना. म्हटलं, पोरगी एवढी शिकतेय... तिला उगाच कशाला त्रास द्यायचा.