छापखान्याचं नाक

...अहो, पण दर वेळी तेच काय विचारायचं? "काका, बरोबर कोणी आलंय का?" आता तुम्हीच सांगा, सुई माझ्या हाताला टोचणार, रक्त माझं जाणार, बरोबर कोण कशाला हवं? बाटली धरायला?

तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं छापखान्यात काढली. रोलर पुसायचे बेंझिननं आणि संध्याकाळी हातही त्यानंच धुवायचे, कारण साबणानं ती शाई हलते कुठे? नवं पिंप आलं की मालक ओरडायचे, "अरे, आपल्या नाकाला बोलवा!" मग मी चिंधी भिजवायची, नाकाशी धरायची, छातीभर ओढायचं आणि सांगायचं, "अस्सल आहे, उतरवून घ्या!" काय रुबाब होता! बायको मात्र दारातच अडवायची, "आधी आंघोळ! त्याशिवाय चहा नाही!"

आणि आता या डॉक्टरीणबाई, माझ्या मुलीच्या वयाच्या, म्हणतात, "काका, तुम्ही जे हुंगत होतात ना, ते हाडांच्या मगजापर्यंत जातं. रक्त तिथंच बनतं. कॅन्सर होऊ शकतो." आणि माझ्या पांढऱ्या पेशी कमी भरल्या! वर पुन्हा, "बरोबर कोणी आलंय का?" म्हटलं, बायको तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकनं गेली, मुलगी परदेशात. रोलर पुसणारे आम्ही तिघं. बाकीचे दोघं इथंच गेले, याच दवाखान्यात... त्यांच्याबरोबर मी आलो होतो.

घाबरलो हो! खोटं कशाला बोलू? दर मंगळवारी रक्त. पण रक्त काढणारी नर्स विचारायला लागली, "जेवलात का? झोप लागते का? आज शर्ट नवा वाटतं!" अहो, माझ्या शर्टाकडे तीन वर्षांत कुणी ढुंकून बघितलं नव्हतं! मग काय, मंगळवारी गुळगुळीत दाढी, केस चापून बसवलेले. शेजारी विचारतो, "कुणाच्या लग्नाला?" म्हटलं, रक्त तपासायला!

आणि काल डॉक्टरीणबाई हसतच आल्या. "काका, पेशी भरल्या! सगळं उत्तम. आता वर्षभर यायला नको."

वर्षभर!

आनंद झाला... झालाच की. बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो, म्हटलं, ही बातमी सांगायची कुणाला? तेवढ्यात शिपाई, "काका, बरोबर कोणी आलंय का?" उठलो, तडक आत गेलो आणि म्हटलं, "बाई, एवढी खात्री बरी नव्हे... घाईत एखादी पेशी जास्त मोजली गेली असेल. मंगळवारी पुन्हा बघूया का?"