तिसऱ्या पायरीचा दगड

पाटील, गुरवबाबा आणि जमलेल्या मंडळींनो,

मला सभेत बोलायची सवय नाही. शाळेत मुलांपुढे बोलतो ते पुस्तकातलं असतं. याच सभामंडपात गोविंदबुवांच्या डाव्या हाताला बसून मी अकरा वर्षं पेटी वाजवली. त्या अकरा वर्षांत मला एक वाक्य बोलावं लागलं नाही. आज बोलावं लागतंय आणि बुवा नाहीत. आवाज अडखळला तर सांभाळून घ्या. पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी दिवस मावळायच्या आत सभा उरकायच्या अटीवर इजाजत दिली आहे, तेव्हा लांबवणार नाही.

बुवांचा गळा खरा होता. हे मी आधी सांगतो, कारण पुढचं ऐकल्यावर कुणी म्हणेल की मास्तरच्या मनात खोट होती. खोट नव्हती. तसा गळा मी पुन्हा ऐकणार नाही.

बुवा गावांची गाणी करायचे. ज्या गावाला जातील, तिथलं गाणं घेऊन येतील. परभणीच्या मोंढ्यातल्या बाजाराचं गाणं त्यांनी केलं, टेशनाचं केलं, आपल्या झरीच्या काळ्या रानाचं केलं. चाली ते दुसऱ्यांच्याही घेत आणि तसं सांगत. परभणीच्या उरुसात इमामसाब कव्वालांना त्यांनी ऐकलं. त्यांची चाल उचलली, आपले शब्द घातले. पण गाण्याआधी कानाच्या पाळीला हात लावायचे आणि म्हणायचे, "ही चाल इमामसाबची." या देवळात म्हणायचे. तुमच्यातल्याच एकानं विचारलं होतं, देवळात मुसलमानाचं नाव कशाला? बुवा म्हणाले होते, "ज्याचं घेतलं त्याचं नाव घेतलं न्हाई, तर गळा कुजंल माझा."

आठवतं ना? तुम्ही सगळे मान डोलावत होतात. मीही डोलावत होतो.

आता नदीच्या घाटाच्या त्या गाण्याचं बोलतो, ज्यामुळे बुवांचं नाव गंगाखेडपर्यंत गेलं. ते गाताना बुवा कानाला हात लावायचे, आणि नुसतं म्हणायचे, "हे गंगाखेडच्या एका गुरूचं." नाव घ्यायचे नाहीत. त्या गाण्यात ही ओळ होती:

तिसऱ्या पायरीला पाणी थांबतं घडीभर,
माझ्या गुरूचा दगड, ऊन त्याच्या पाठीवर.

मंडळी, मी या गावात बदलून आलो तेव्हापासून बुवांच्या शेजारच्या खोलीत राहतो. मध्ये एक मातीची भिंत. पहाटे भिंतीपलीकडे जातं सुरू व्हायचं. बुवांच्या घरच्या बाई दळायच्या आणि ओव्या म्हणायच्या. बुवांच्या तोंडून हे गाणं या मंडपात निघायच्या दोन महिने आधी मी ते त्या भिंतीतून ऐकलं आहे. चाल तीच. शब्द तेच. एकच शब्द वेगळा. त्या "माझ्या गुरूचा" म्हणत नव्हत्या. त्या "माझ्या मायचा" म्हणत होत्या.

बाईंचं माहेर गंगाखेडचं. त्यांची आई तिथल्या घाटावर तिसऱ्या पायरीपाशी एका दगडावर धुणं धुवायची. एवढंच होतं ते.

मी काय केलं? मी पेटी वाजवली.

गाणं गाजलं. मग एक दिवस शेजारच्या बायका हसत बाईंना म्हणाल्या, काय गं, बुवाचं गाणं जात्यावर म्हणायलीस व्हय? नवऱ्याचं चोरायलीस? हसण्यावारी म्हणाल्या. बुवा ओट्यावर बसले होते, मी दारात होतो. बुवा हसले नाहीत. आत बघून म्हणाले, "उद्यापासून जात्यावर तोंड उघडायचं न्हाई. मंडपातलं गाणं जात्यावर आलं की उष्टं होतंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे जातं सुरू झालं. नुसतं जातं. त्यानंतर दहा वर्षं मी नुसतं जातंच ऐकलं. दळताना न गाणारी बाई तुम्ही कधी ऐकली आहे का? दगडावर दगड फिरत राहतो. बाकी काही नाही.

त्यातच एका पर्वणीला आपण सगळे आगगाडीनं गंगाखेडला गेलो. तुम्हीच घाटावर बुवांना घेरलंत. बुवा, गुरूचा दगड दाखवा. बुवा कधी त्या पायऱ्या उतरले नव्हते. ज्या घाटाच्या गाण्यानं त्यांना नाव दिलं, तो घाट त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी मागे पाहिलं. मागे घरच्या बाई उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हातात तांब्या. त्यांनी नजरेनं दगड दाखवला. मी ते पाहिलं. बुवांनी मग हात करून सांगितलं, हा बघा.

कुणीतरी शेंदूर आणला. कुणी नारळ फोडला. तिथे धुणं धूत असलेल्या दोन बायांना तुम्ही उठवलंत. म्हणालात, गुरूच्या जागेवर लुगडी आपटायला लाज वाटत न्हाई का? त्या बिचाऱ्या ओलं धुणं उचलून खाली चिखलात गेल्या. आणि मग बुवा आपल्या बायकोला म्हणाले, "बघत काय उभी? नमस्कार कर."

त्यांनी नमस्कार केला. आईच्या धुण्याच्या दगडाला, शेंदूर लावलेल्या, वाकून.

परतीच्या गाडीत मी बुवांना विचारलं. अकरा वर्षांत एकदाच विचारलं. म्हटलं, इमामसाबचं नाव घेता, मग वहिनींचं का नाही? बुवा खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "मास्तर, बायकूचं नाव घिऊ मी? देवळात? लोक काय म्हनतील?" थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आन नाव घेतलं, तर मग लोक तिलाच म्हनतील, तूच म्हण. मग मी काय करू?"

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही, हे मला ठाऊक होतं. मला ते कारण पुरलं. खरं म्हणजे मला ते सोयीचं होतं. बुवा गात होते म्हणून माझी पेटी होती.

आता मी आज का बोलतोय ते सांगतो. मघाशी पाटलांनी ठराव मांडला की बुवांच्या आठवणीसाठी गंगाखेडच्या घाटावर ओटा बांधायचा, त्यावर शिळा बसवायची, आणि शिळेवर "बुवांच्या गुरुमहाराजांचं स्थान" असं कोरायचं. तुम्ही सगळ्यांनी हात वर केलेत. पाटील, माझा हात खाली होता. शिळेवर एकदा कोरलं की ते पुसलं जात नाही. शंभर वर्षांनी लोक तिथे न झालेल्या महाराजांपुढे नारळ फोडतील, आणि ज्या बाईनं ते गाणं केलं, तिला दळताना तोंड उघडायची बंदी होती हे सांगायला कुणी उरणार नाही. माझी हात जोडून विनंती आहे, ही शिळा बसवू नका. त्या दगडावरचा शेंदूर खरवडून काढा. बायांना तिथे पुन्हा धुणं धुऊ द्या.

मला वाटलं होतं, आज तुम्हाला ते गाणं मूळ शब्दांत ऐकवावं. म्हणून परवा, तेराव्यानंतर, मी बुवांच्या घरी गेलो. दारातच बसलो. म्हटलं, वहिनी, तुमची ती ओवी मला सांगा, मी लिहून घेतो. त्या जात्यापाशी जाऊन बसल्या. मग म्हणू लागल्या. पहिली ओळ बरोबर आली. दुसऱ्या ओळीला "माझ्या गुरूचा" म्हणाल्या. थांबल्या. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. लयही बुवांची, तानही बुवांची. तिसऱ्यांदा त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "जाऊ द्या मास्तर. मला आता त्यांचंच येतंय. माझं गेलं."

मंडळी, बुवा आपल्याला सोडून गेले त्याचं दुःख मला आहे. पण त्या घरात त्यांच्या आधी आणखी एक माणूस गेलं, दहा वर्षांपूर्वी, आणि त्याची शोकसभा आपण घेतली नाही. त्याला गप्प केलं ते बुवांनी, आणि टाळ्या दिल्या त्या आपण. पेटीवर मी होतो.

बुवांना माझा नमस्कार. त्यांच्या गळ्याला नमस्कार.

आणि आता मी माझ्या कानाला हात लावतो. बुवांना जे नाव घेता आलं नाही, ते मी घेतो. मी काही त्यांचा नवरा नाही, मला घ्यायला हरकत नाही. हे गाणं कोंडाबाईंचं. गंगाखेडच्या घाटाचं गाणं कोंडाबाईंचं.

त्यांचं घर या भिंतीमागेच आहे, त्यांना ऐकू गेलं असेल.

आता उभे राहा. आपण शांत उभे राहू. किती वेळ, ते घड्याळावर नको. एक मूठ ज्वारी जात्यात टाकली की ती दळून व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ. कुणी खाकरू नका, कुणी देवाचं नाव घेऊ नका. तेवढा वेळ तोंड बंद ठेवून पाहा.