सावलीत मंजूर झालेला ठराव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या एकजूट फुटबॉल मंडळाचे चिटणीस आदरणीय नाथाजीराव, कुपवाडहून वेळात वेळ काढून आलेले उद्योजक विश्वजितराव, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे प्रशिक्षक धम्मपाल सर, माधवनगरच्या माता-भगिनींनो, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागं भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या खेळाडूंनो,

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. सूत्रसंचालकांनी कानात असंही सांगितलं की, "हरिबा, सरांविषयी चार चांगले शब्द बोल, बाकी काही काढू नकोस." आता बाकी काय आहे, हे त्यांना कसं कळलं? मी या मंडळाचा जुना गोलकीपर. समोरून हसत येणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नकोस, पायाकडं बघ, हे मला सरांनीच शिकवलं. त्यामुळं आज एवढे हार आणि एवढं गोड हसणं बघून मला जरा धास्तीच वाटते आहे.

पाहुण्यांसाठी थोडा इतिहास सांगतो. हे मंडळ कुणा एकाचं नाही. मिल चालू होती तेव्हा चाळीतल्या घराघरानं सुट्टीच्या दिवशी बाभळी तोडल्या, दगड वेचले आणि ग्राउंड केलं. जे घर राबलं ते मालक. पुढं मिल बंद पडली, आम्ही कुपवाडच्या कारखान्यांत लागलो, पण मालकी घरांचीच राहिली. ठरावाला हात वर करायची आपल्यात पद्धत नाही. वर केलेला हात शेजाऱ्याकडं बघून हळूच खाली येतो, हे जुनी मंडळी ओळखून होती. म्हणून ग्राउंडवर मधली रेघ मारायची. ठराव मान्य असेल त्यानं मिलकडच्या अंगाला जायचं, नसेल त्यानं रस्त्याकडच्या. आजवर कुणी तक्रार केली नाही.

मग पंधरवड्यापूर्वी काय झालं? मंडळ विश्वजितरावांच्या ट्रस्टकडं द्यावं, आणि प्रशिक्षक नवा आणावा, असा ठराव आला. सभा भर दुपारी ठेवली. वैशाखातल्या दुपारी सभा ठेवायचं कुणाला सुचलं, मला माहीत नाही. मी तेव्हा कामावर होतो. आलो तेव्हा नाथाजीराव माईकवर म्हणत होते, "एक घर वगळता ठराव मंजूर." बघतो तर मंडप होता मिलकडच्या अंगाला. मंडपात पंखे, सरबत, सगळं माधवनगर. आणि रेघेच्या अलीकडं, रस्त्याच्या अंगाला, रणरणत्या उन्हात, एकटे धम्मपाल सर.

मला राहवलं नाही. मी घरोघर विचारत फिरलो. अंबूबाई समोरच बसल्या आहेत, त्यांचेच शब्द सांगतो. "आवं, माझं गुडघं धरल्यात. सावली दिसली, बसले. ठराव कवा वाचला, मला तर म्हाईत बी न्हाई." मंडपवाल्या ज्ञानूला गाठलं. त्याला म्हटलं, गड्या, दरवर्षी तू मंडप बरोबर रेघेवर घालतोस, अर्धा इकडं, अर्धा तिकडं. औंदा का सरकवला? तर म्हणतो, "मला सांगितलं तसं केलं." कुणी सांगितलं, ते काही तो बोलत नाही. नाथाजीराव, चिठ्ठी पाठवू नका, मी चष्मा आणलेला नाही.

विश्वजितराव, तुम्ही आमचे पाहुणे आहात, तुमच्यावर मी आरोप करत नाही. तुमची माणसं काल आमच्या ग्राउंडच्या कडेनं टेप धरून का फिरत होती, एवढंच मला कळलेलं नाही. गोलपोस्ट मोजायची तर ती ग्राउंडात आहेत, रस्त्याच्या कडेला नाहीत.

पण खरं सांगू? मला सगळ्यात मोठा संशय धम्मपाल सरांचाच आहे. ब्याण्णव साली फलटणला सामना होता. आमच्या सिद्धूनं हातानं ढकलून गोल केला. पंचाला दिसलं नाही, आम्ही नाचत होतो, आणि हे सर आत गेले नि पंचाला म्हणाले, "साहेब, हात लागलाय." सामना गेला. परतताना टेम्पोत त्यांच्याशी कुणी बोललं नाही, आणि त्यांनाही त्याचं काही वाटलं नाही. आपल्याच गोलावर जो माणूस गप्प बसला नाही, तो स्वतःच्या निरोपावर गप्प का? कुणी दम दिला? काही कबूल केलं? मला झोप लागत नव्हती. म्हणून मघाशी, तुम्ही हार घालायला रांग लावली होती तेव्हा, मी त्यांच्याजवळ जाऊन सरळ विचारलं, "सर, तुम्हाला जायचं हाय का?"

ते म्हणाले, "हरिबा, मला न्हाई जायचं. पर समदी घरं रेघेच्या पलीकडं गेली. मी उन्हातनं बघत हुतो. लोकांस्नी मी नको झालोय, तर कसं थांबू?"

अंबूबाई, ऐकलं का? सरांना वाटलं, तुम्ही त्यांच्या विरुद्ध बसलात.

मला वाईट वाटलं. रागही आला, तो अजून आहे. सर, तुमच्या विरुद्ध कुणी नव्हतं. लोक उन्हाला भ्याले, एवढंच झालं.

अध्यक्षमहाराज, माझी पाच मिनिटं संपली. मला बोलू दिलंत, आपले आभार. पाहुण्यांच्या मनाला काही लागलं असेल तर माझ्या अडाणी तोंडाकडं बघून पोटात घाला. सरांना द्यायची शाल मी घातलेली नाही, ती सध्या टेबलावरच राहू द्या. मी आणि सर इथून ग्राउंडवर चाललो आहोत, रस्त्याकडच्या अंगाला. त्या सभेचा मंडप अजून उभाच आहे. ज्याला त्यात बसायचं असेल त्यानं खुशाल बसावं, फक्त या वेळी सरांच्या तोंडाकडं बघून बसावं.

चला सर. चप्पल घाला, जमीन तापली असंल.